बिनकाडीची आग आणि पाठीवरचं घर

जुनी डिझेल पिकअप बघायला गेलात तर दार उघडायची घाई करू नका. आधी बॉनेटवर तळहात ठेवा. पत्रा कोमट लागला तर मालकाशी गोड बोला, चहा घ्या आणि उद्या सकाळी येतो म्हणून निघा. तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली आहे, आणि डिझेल इंजिन तापलं की त्याची निम्मी दुखणी झाकली जातात. अमरावतीच्या नाहीतर अकोल्याच्या कुठल्याही मुरलेल्या मिस्त्रीला विचारा, तो हेच सांगेल, "थंड्या इंजिनाले पाहा लागते भाऊ. गरम केलेलं इंजिन सगळ्याईसंगच गोड बोलते."

असं का, हे कळायला इंजिनाच्या पोटात शिरावं लागतं, आणि तिथे जे चालतं ते इतकं अजब आहे की पिकअप घ्यायची नसली तरी एकदा समजून घ्यावं. पेट्रोल इंजिनात आग लावायला स्पार्क प्लगची ठिणगी असते. डिझेल इंजिनात काडी नाही, ठिणगी नाही, काहीच नाही. तिथे फक्त हवा दाबतात. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा जोरात दाबला की पंपाची नळी गरम लागते, ते आपण सगळ्यांनी लहानपणी अनुभवलं आहे. डिझेल इंजिन हेच करतं, पण चेव आल्यासारखं: अठरा वाट्या हवा एका वाटीत कोंबतं, तीही सेकंदाच्या काही शतांश भागात. बाहेरची तीस अंशांची हवा त्या दाबाने साडेपाचशे अंशांच्या वर जाते. डिझेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपसूक पेट घेतं. म्हणजे त्या कोंडलेल्या हवेत डिझेलचा नुसता फवारा सोडायचा अवकाश, आग तयार!

ही कल्पना रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याची. १८९३ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी ऑग्सबर्गच्या कारखान्यात पहिली चाचणी केली. तेव्हा इंजिनावरचं दाब मोजायचं उपकरण फुटून काचा उडाल्या. पण हवेच्या दाबाने आग लागते, एवढं सिद्ध झालं. पुढे १८९७ मध्ये त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेचा २६ टक्के भाग कामाला लावून दाखवला. त्या काळची बहुतेक वाफेची इंजिनं दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चाललं. डिझेल स्वतः मात्र १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. त्याचं काय झालं, यावर आजही वाद आहेत.

वऱ्हाडातल्या जुन्या शेतकऱ्याला हे शास्त्र पुस्तकातून शिकायची गरज पडली नाही. विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन असायचं. ते चालू करताना एक छोटी कळ उचलून धरायची आणि हँडल गरागरा फिरवायचं. कळ उचललेली असली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, हवा आत दाबली जात नाही, म्हणून एकटा माणूसही जड चाक फिरवू शकतो. चाकाने वेग घेतला की कळ सोडायची. त्या क्षणी हवा कोंडली जाते आणि धक्... धक्... धक्धक्धक्! आग लागते ती कोंडल्यामुळे, हे त्या कळीने दोन पिढ्यांना हाताने शिकवलं. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे १९९४ मध्ये वाफेवरून डिझेलवर आली तेव्हा तिचा तो डौल गेला म्हणून लोक हळहळले. मीही त्यातलाच. पण कापूस वाहायचं काम तोवर रस्त्यावरच्या डिझेल गाड्यांनी तिच्या हातून बरंचसं काढून घेतलेलं होतं.

तर आता त्या थंड बॉनेटकडे येऊ. डिझेल इंजिनाचा सगळा प्राण दाबात आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडरची भिंत झिजली, व्हॉल्व्ह नीट बसेना झाले की हवा फटीतून पळते, दाब कमी पडतो, हवा पुरेशी तापत नाही आणि डिझेल पेटत नाही. गरम इंजिनात धातू फुगून फटी थोड्या मिटतात आणि भिंतीची उष्णताही मदतीला येते, म्हणून झिजलेलं इंजिनही दुपारी एका सेल्फमध्ये चालू होतं. डिसेंबरातल्या पहाटे मात्र लपवायला जागा उरत नाही. चांगलं इंजिन सेल्फ मारल्यावर दोन-तीन सेकंदांत उठतं. झिजलेलं इंजिन घरघरतं, एकेका सिलिंडरने जागं होतं, मागून पांढऱ्या धुराचा लोट सोडतं आणि मालक म्हणतो, "थंडी आहे ना साहेब."

थंडीचा तो पांढरा वाफारा दोन-चार मिनिटांत विरून जातो, त्याची काळजी नको. न विरणारा, डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळता बाहेर पडलेलं डिझेल. गोडसर वास आला तर कूलंट जळतंय, आणि मग हेड गॅस्केटचा संशय घ्यायचा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल खातंय, रिंगा किंवा टर्बोचं सील गेलेलं. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. हा त्यातल्या त्यात गरीब आजार, कधी कधी नुसत्या तुंबलेल्या एअर फिल्टरवर भागतं. कधी कधी पंप आणि इंजेक्टरवर पन्नास हजार घालावे लागतात, हेही खरं.

इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण फिरवून सैल करा आणि तोंडावर तसंच उपडं ठेवा. किंचित वाफ आली, झाकण जागच्या जागी थरथरलं तर ठीक. झाकण उड्या मारू लागलं आणि फसफस धूर आला तर मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते हेच. पिस्टनच्या वर कोंडायची हवा खाली तेलाच्या घरात उतरते आहे. अशा गाडीचं इंजिन खोलावंच लागणार, सौद्यात तो खर्च धरूनच बोलायचं. डिपस्टिकवर तेल काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेलचं तेल काजळीने लवकर काळं पडतं. उलट दहा वर्षांच्या गाडीत मधासारखं सोनेरी तेल दिसलं तर ते कालच बदललंय, आणि का बदललं ते विचारायला हवं.

आता या आगीचा आकार बघा. ताशी साठच्या वेगाने जाणारी, लिटरला बारा किलोमीटर देणारी चार सिलिंडरची पिकअप तासाला पाच लिटर डिझेल जाळते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर मिनिटात चार हजार स्फोट होतात. भागाकार केला की एका स्फोटाच्या वाट्याला डिझेलच्या थेंबाचा निम्म्याहून लहान भाग येतो. तेवढ्यावर टनभर संत्री वरूडहून अमरावतीला येतात! तो अर्धा थेंबही नीट फवारला जावा म्हणून हल्लीच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेल सोळाशे बारच्या घरातल्या दाबाने ढकलतात. पृथ्वीवरच्या सगळ्यांत खोल समुद्राच्या तळाशी अकराशे बारच्या आसपास दाब असतो. आणि हे डिझेल ज्या भोकांतून बाहेर पडतं ती जेमतेम दोन केसांच्या जाडीची. ड्रममधलं, पाणी मिसळलेलं डिझेल घालणाऱ्या गाडीचे इंजेक्टर का जातात, हे यावरून कळावं. ते तपासायची युक्ती सोपी आहे: प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडायची आणि इंजिन चालवायचं. चारही बाटल्या सारख्या भरल्या तर उत्तम, एखादी भराभर भरली तर तो इंजेक्टर झिजला. सोबत कॉम्प्रेशन गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे घ्यावेत. आकडा किती, यापेक्षा चौघांत फरक किती, हे जास्त बघायचं.

मीटरवर दोन लाख किलोमीटर दिसले म्हणून नाक मुरडू नये. सरासरी ताशी चाळीसने धरलं तर दोन लाख किलोमीटर म्हणजे पाच हजार तास, म्हणजे साठ कोटी फेरे, म्हणजे एकेका पिस्टनच्या डोक्यावर तीस कोटी स्फोट. एवढं सोसून जे लोखंड पहाटे एका सेल्फमध्ये उठतं, त्याला मी सत्तर हजार किलोमीटरच्या पण निगा न राखलेल्या गाडीपेक्षा जास्त मान देतो. शिवाय तो आकडा खरा असेलच असं नाही. मीटर मागे फिरवता येतो, क्लचच्या पायपट्टीचं रबर आणि गिअरची मूठ मागे फिरवता येत नाही. टायरच्या कडेला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो टायर बनला. चाळीस हजार किलोमीटर सांगणाऱ्या २०१९ च्या गाडीला चारही टायर २०२३ चे असतील, तर पहिले टायर कुठे झिजले?

वऱ्हाडात आणखी एक गोष्ट विचारायची, जी पुण्या-मुंबईच्या कुठल्याही यादीत सापडणार नाही. ही गाडी आजवर कुठलं पाणी प्यायली? पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर या भागात खारपाणपट्टा पसरला आहे. इथलं भूजल खारट. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की क्षारांचा पांढरा थर इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाटांवर बसतो. तो थर उष्णता फार वाईट वाहून नेतो. एक मिलिमीटर क्षार बसला तर उष्णतेच्या हिशेबाने मध्ये दोन-तीन सेंटिमीटर लोखंडाची जादा भिंत उभी राहिल्यासारखं होतं. मे महिन्यात अकोल्याचं तापमान पंचेचाळीसच्या पुढे जातं, अशा वेळी काटा लाल रेषेला भिडतो, हेड वाकतं, गॅस्केट फुटतं आणि मग ते पांढऱ्या धुराचं रामायण सुरू होतं. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. आत हिरवं नाहीतर गुलाबी कूलंट दिसलं तर मालक शहाणा. तोंडाशी पांढरे खवले आणि गंजाचं तांबूस पाणी दिसलं तर त्या गाडीने उन्हाळे कसे काढले असतील याची कल्पना करा. त्याच बोअरच्या पाण्याने रोज धुतलेल्या गाडीची चासी आतून गंजलेली असते. पान्ह्याने चासीवर टकटक करून बघा; ठणठणीत आवाज हवा, भद्द नको. रेडिएटरच्या जाळीमागून टॉर्च मारला तर उजेड पलीकडे यायला हवा. जिनिंगच्या फेऱ्या मारलेल्या गाडीच्या जाळीत कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमदा झालेला असतो.

वय आणि किलोमीटर यांच्याइतकाच गाडीचा मागचा धंदा महत्त्वाचा. रेतीवर चाललेली पिकअप मी फुकटही घेणार नाही. खताची पोती वाहिलेल्या गाडीचा हौदा आधी तपासावा, युरिया आणि डीएपी ओलाव्याने पाझरून पत्रा खातात. संत्र्यावरची गाडी वर्षातले काही महिने कमरेत वाकेपर्यंत ओझं वाहते आणि बाकीचे महिने झाडाखाली उभी असते. तिचे पाटे नीट बघावेत. डीजेच्या गाडीचे किलोमीटर कमी असतात, पण स्पीकरच्या भिंती उभ्या करायला चासीवर वाटेल तिथे वेल्डिंग मारलेलं असतं. माझी आवडती म्हणजे वर्तमानपत्रांची गाडी. ती रात्री धावते, थंड हवेत, सरळ रस्त्यावर, एका वेगाने. तिचा मीटर भीती वाटेल एवढा पुढे गेलेला असतो आणि इंजिन मात्र तरुण असतं, कारण इंजिन झिजतं ते थंड असताना आणि थांबत-सुटत चालताना. लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकून गिनेस बुकात गेला, त्या अमरावती-अकोला रस्त्यावर अशी गाडी चालवून बघायला मजा येते. ताशी सत्तरवर हात किंचित सैल सोडा. गाडी सरळ जायला हवी. एका बाजूला ओढली तर चाकांची अलाइनमेंट बिघडलीय किंवा चासी कधी तरी वाकून सरळ केलेली आहे.

इथवर जे सांगितलं ते कुठल्याही मालवाहू पिकअपला लागू आहे. पण पाठीवर घर घ्यायचं असेल तर हिशेब बदलतो. तुम्ही म्हणाल, वऱ्हाडात पाठीवर घर घेऊन कोण फिरतं? आषाढी जवळ आली की बघा. शेगावहून गजानन महाराजांची पालखी अकोल्यावरून पंढरपूरकडे निघते, कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी निघते. पायी चालणाऱ्या दिंड्यांमागे तंबू, वळकट्या, पातेली, शेगड्या, धान्य आणि पाण्याच्या टाक्या घेऊन गाड्या चालतात. कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये आणलं, पण फिरता संसार महाराष्ट्राला त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आता मेळघाटात, चिखलदऱ्याला चार दिवस राहून यायचं म्हणून हौद्यावर झोपायची-स्वयंपाकाची पेटी बसवण्याची हौसही काही लोकांत दिसू लागली आहे.

संत्र्याचे क्रेट उतरवले की पिकअप मोकळी होते. घर कधी उतरत नाही. पाटे, टायर, मागचा आस यांना विसावा मिळत नाही आणि म्हणूनच कागदावरची वजनक्षमता पुरी वापरायची नसते. बोलेरो पिकअप सव्वा टनापासून १.७ टनापर्यंतच्या वेगवेगळ्या क्षमतांची मिळते, आणि तिचाच चार दारांचा भाऊ, कॅम्पर, हा एक टनाचा. या दोन्हींत अडीच लिटरचं, साध्या स्वभावाचं इंजिन आहे आणि त्याचा पार्ट तालुक्याच्या गावी मिळतो, ही वऱ्हाडात फार मोठी गोष्ट आहे. कॅम्पर चारही चाकांना जोर देणारी मिळाली तर काळ्या मातीच्या चिखलात तिला तोड नाही. टाटाच्या योद्धाचा हौदा ऐसपैस आणि ओझं वाहायची ताकद चांगली. इसुझूची व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आली; चालवायला सगळ्यांत गोड, पांढऱ्या नंबर प्लेटवर खासगी म्हणून नोंदवता येते, पण बिघडली तर धारणीच्या मिस्त्रीपुढे उभी करायची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर घर उंच असेल तर टाटाची चारशेसातच बघा. १९८६ पासून ही गाडी रस्त्यावर आहे, तीन लिटरच्या घरातलं इंजिन, मागे जोडचाकं. बसायला खडतर, दिसायला जुनाट, पण मागे दोनाऐवजी चार टायर जमिनीला टेकलेले असले की उंच घराचं डोलणं फार कमी होतं.

डोलण्याचंच खरं भय असतं. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दीडपट केला तर जोर सव्वादोनपट. त्यात भार जितका उंच तितकी उलटायची शक्यता जास्त. कापसाने दोन माणसं उंच भरलेली पिकअप वळणावर कशी झुलते ते आपण पाहतोच, आणि कापूस तर वजनाला हलका. म्हणून घरातलं सगळ्यांत जड सामान, म्हणजे पाणी, खाली आणि मागच्या आसाच्या पुढे ठेवायचं. दोनशे लिटरची टाकी म्हणजे दोनशे किलो, आणि ती अर्धी भरलेली असली की वळणावर पाणी आपल्या मर्जीने धावतं. तिच्यात आडवे पत्रे बसवून घ्यावेत. स्वयंपाकाचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास. पलंग, शेगडी, बॅटरी, पत्रे, लाकूड यांची बेरीज घरी बसून कुणालाच बरोबर जमत नाही, त्यासाठी धर्मकाटा आहे. बाजार समितीजवळ, जिनिंगजवळ तो असतोच. आधी गाडी रिकामी तोला. घर बसवलं की पुन्हा, टाकी भरून, माणसं बसवून. मग नुसती पुढची चाकं काट्यावर घ्या आणि तो आकडा एकूण वजनातून वजा करा. मागच्या चाकांवर किती भार आहे ते हातात येतं. पुढची चाकं रिकाम्या गाडीपेक्षा हलकी भरली तर घर मागे झुकलं आहे, आणि पावसात स्टिअरिंग ऐकणार नाही. आरसीवर एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ओलांडली तर दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि जादा टनामागे दोन हजार वाढतो.

कापून-जोडून गाडीचं रूपच बदलायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. उत्पादकाने दिलेल्या मूळ बनावटीत फेरफार करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठणकावलं आहे. आणि गाडी चालू असताना हौद्यावरच्या घरात माणूस बसवायचा नाही; माणसं केबिनमध्येच.

घाट चढल्याशिवाय सौदा करू नये. परतवाडा सोडलं, धामणगाव गढी मागे टाकली की चिखलदऱ्याचा घाट लागतो. परतवाड्यापासून चिखलदरा सुमारे सातशे मीटर उंच. तीन टनांची गाडी तेवढी वर उचलायला किती शक्ती लागते? पावणेसहा युनिट विजेएवढी. एका लिटर डिझेलमध्ये दहा युनिटांएवढी उष्णता असते, पण इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याएवढीच कामाला लावतं, म्हणून नुसतं वर उचलण्यासाठी पावणेदोन लिटर. पेलाभर कमी दोन लिटर द्रवाने घर, माणसं, पाणी, पातेली सगळं डोंगरावर! चढताना तापमानाचा काटा बघत राहा, तो मधल्या खुणेच्या फार वर जाता कामा नये. टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेऱ्यांनी फिरत असतो, त्याची शिट्टी एकसुरी हवी, कण्हल्यासारखी नको. वर पोचल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, एक-दोन मिनिटं हळू चालू द्या म्हणजे टर्बोला तेल मिळत राहतं.

उतरताना ती सगळी शक्ती परत मिळते, आणि तिचं काय करायचं हा प्रश्न पडतो. ती सगळी ब्रेकांवर सोपवली तर साठ-पासष्ट लिटर गार पाणी उकळेल एवढी उष्णता चार चाकांच्या लायनरवर येते. लायनरचा करपट वास, पायाखाली मऊ झालेला ब्रेक, ही त्याचीच लक्षणं. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. त्यामागे आणखी एक कारण आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट बंद होते आणि इंजिन निर्वात पोकळीशी झगडत गाडीला रोखतं. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा मोकळीच असते. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून बराचसा जोर परत देते. म्हणून वरच्या गिअरात डिझेल गाडी उतारावर फारशी रोखली जात नाही, खालचा गिअर घालून इंजिनाला जास्त फेरे घ्यायला लावावं लागतं. खाली आल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय, एखादं गारच असेल तर तिथला ब्रेक लागतच नाहीय.

साल कोणतं निवडावं, याचं माझं उत्तर लोकांना उलटं वाटतं. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या बीएस-सहा निकषाच्या गाड्या आल्या. त्यांचा धूर फार स्वच्छ, कारण काजळी अडवणारी जाळी एक्झॉस्टमध्ये बसवलेली असते. ती जाळी भरली की इंजिन स्वतःच एक्झॉस्ट तापवून काजळी जाळून टाकतं. त्यासाठी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर चांगल्या वेगाने चालणं लागतं. दिंडीमागे पावलापावलाने, दिवसेंदिवस पहिल्या-दुसऱ्या गिअरात चालणाऱ्या गाडीला ते मिळत नाही; जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि इंजिन ताकद आवरून घेतं. हमरस्त्याने फिरायचं असेल तर बीएस-सहा जरूर घ्या. वारीच्या चालीने चालवायची असेल तर नीट राखलेली बीएस-चार बरी. फक्त आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला पर्यावरण कर आणि दर वर्षी फिटनेस आला, तो हिशेबात धरा.

उरले कागद. एमएच-२७ अमरावती, एमएच-३० अकोला, २८ बुलढाणा, २९ यवतमाळ, ३७ वाशीम. वऱ्हाडातल्याच गाडीचा माग काढणं त्यामानाने सोपं जातं, दोन फोनवर काम होतं. चासी नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा, महिंद्राचा एमए१ ने सुरू होतो आणि टाटाचा एमएटी ने. आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील तर पुढे बोलूच नका. कर्जाचा बोजा चढलेला असेल तर फायनान्सवाल्याचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय इसारापलीकडे पैसा द्यायचा नाही. मग फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. नाव आरसीवर बदलेपर्यंत कायद्याच्या नजरेत जुनाच माणूस मालक असतो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी चार हात बदलून गेली होती, अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी ज्याचं नाव नोंदीत होतं त्याच्यावर आली. तेव्हा नाव बदलायची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही असायला हवी. विकणारा "करू ना भाऊ, दिवाळीनंतर" म्हणायला लागला, तर तो खरंच मालक आहे का, हे वाहन पोर्टलवर पुन्हा एकदा बघून घ्या.